स्मृती शाबूत

मारेगाव
६ मार्च २००५

राजदीप,
सप्रेम जयभीम.

तुझा वाळूजचा पत्ता तुझ्या सासूकडून, उर्वशीच्या आईकडून घेतला. देताना तिनं दोनदा विचारलं, "जवाईबुवाले चालन का?" मी म्हटलं, आईला लेकाचा पत्ता मागायला कोणाची परवानगी लागते? पण पाकिटावर तुझं नाव लिहिताना मलाही तोच प्रश्न पडला.

तुम्ही दोघं गेल्याला तीन आठवडे झाले. बाबांना मी सांगितलं, कंपनीत नोकरी लागली, घाईत जावं लागलं. त्यांनी मान डोलवली. ओसरीत चार लोकांसमोर तू म्हणालास, "माहा बाप चोर हाय, मले त्याचं नाव लावाची लाज वाटते." त्यातला एक शब्दही त्यांनी मला बोलून दाखवला नाही.

चौकशीचा निकाल आला. तुला कळावा म्हणून उतरवून काढते. डिसेंबरच्या तेरा ते सोळा तारखेला इथल्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर उकंडा भगत यांनी लांब धाग्याचा स्वच्छ कापूस परत पाठवला आणि शेवटच्या वेच्याची फरदड आणि किडकी कवडी मिसळलेला माल वरच्या ग्रेडमध्ये घेतला. त्यातली एक गाडी नातेवाईक लखीराम यांची, म्हणजे तुझ्या सासऱ्याची. ग्रेडर आजारी आहेत असं म्हणावं तर नागपूरच्या डॉक्टरांचा दाखला सांगतो की हाताला कंप आहे, चाल मंद आहे, आजार पार्किन्सन्स, मेंदूचा एम.आर.आय. नॉर्मल, स्मृती शाबूत. तेव्हा जे केलं ते समजून उमजून केलं. त्याखाली तुझी जबानी आहे, "वडिलांच्या बुद्धीत मला काही फरक दिसला नाही."

तुला नाही दिसला. तू खोटं बोलला नाहीस, हे मला माहीत आहे.

तुझ्या बाबांनी कोणाकडून काही घेतलं नाही, राजदीप. सासऱ्याचा माल वर चढवावा म्हणून तर मुळीच नाही. मला कसं माहीत, ते विचारू नको. तीस वर्षं मी त्या माणसाजवळ राहिले आहे. चिमूटभर कापूस घेऊन, सरकी काढून, धागा दोन अंगठ्यांमध्ये ओढायचे आणि सांगायचे, हा काळ्या वावरातला, हा बरड्यावरचा. गाडीवाला तोंडात बोट घालायचा. दोन भाऊ जन्मताच गेले म्हणून आजीनं या पोराचं नाव उकंडा ठेवलं, की मृत्यूची नजर उकिरड्यावर पडू नये. तो पोरगा आपल्या वस्तीतून त्या खुर्चीवर बसलेला पहिला माणूस. पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत.

आता बटणं मी लावते.

तू पत्र लिही. मला नको, त्यांना लिही.

तुझी आई
मथुरा


मारेगाव
२० नोव्हेंबर २००५

राजदीप,

आठ महिने वाट पाहिली. पत्र पोचलं हे मला ठाऊक आहे. उर्वशीनं तिच्या आईला फोनवर सांगितलं की तू ते वाचून घडी घालून ठेवलंस. फाडलं नाहीस, एवढ्यावर मी हे दुसरं लिहिते.

बाबांना ऑगस्टमध्ये कामावरून काढलं. कागदावर मीच त्यांच्याकडून सही करून घेतली. त्यांची सही आता मुंगीएवढी झाली आहे, सुरुवातीचा उ दिसतो आणि पुढं नुसती रेघ.

केंद्रावर या वर्षी गाड्या कमी आहेत, भाव पडला म्हणतात, लोक व्यापाऱ्याला घालून मोकळे होतात. तरी हंगाम सुरू झाल्याचं त्यांना कुठून कळलं कोण जाणे. परवा सकाळी आठ वाजता पांढरा शर्ट उलटा घालून निघाले. मी अंगणवाडीत होते. देवसिंग, त्यांच्या हाताखाली काम शिकलेला, आता त्यांच्याच खुर्चीवर बसतो, त्यानं त्यांना स्कूटरवर मागं बसवून घरी आणलं. म्हणाला, "काकू, साहेब फाटकापाशी उभे होते. गाडीवाले हासून राह्यले होते. मले पाह्यवलं नाही." मग खाली बघून म्हणाला, "साहेबाइले सगळं समजते ना?"

मी म्हटलं, "समजते. मनाला लागलं आहे त्यांच्या, बाकी काही नाही."

सांजच्याला अंगणात बघून म्हणतात, "मथुरा, त्या लेकरायले खिचडी दे, कवाची उभी हायेत." अंगणात कोणी नसतं. मी लोकांना सांगते, अंगणवाडीच्या पोरांची आठवण काढतात. दिवसभर माझ्यामागं पन्नास लेकरं असतात, माणसाला तेच दिसणार.

इथल्या डॉक्टरांना सांगून थरथरीची गोळी वाढवून घेतली. नागपूरच्या डॉक्टर मॅडमनीच सुरू केली होती, मी दुप्पट करायला लावली. हात बराच शांत झाला आहे. लोकांना आधी हातच दिसतो ना.

तुझी खोली झाडून ठेवली आहे.

आई


मारेगाव
९ फेब्रुवारी २००७

राजदीप,

या पत्राला उत्तर नको. फक्त शेवटपर्यंत वाच.

संक्रांतीनंतर बाबा अंगणात पडले. त्या नसलेल्या लेकरांपैकी एकाला उचलायला वाकले होते. कपाळाला सात टाके पडले. इथल्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. मी आणि देवसिंग घेऊन गेलो, त्याच मॅडमकडे, दोन वर्षांपूर्वीच्या.

या वेळीही मी खोलीतच होते, पण त्यांनी मला तोंडावर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. बाबांना विचारलं, "काका, घड्याळ काढता का? अकरा वाजून दहा मिनिटं." बाबांनी गोल काढला, तोही अर्धवट. सगळे आकडे एका कोपऱ्यात, एकावर एक, काटे नाहीत. मग एकात एक अडकलेले दोन चौकोन दिले. त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, याच्यात कवडी लय हाय." मॅडम हसल्या नाहीत.

मग नवा एम.आर.आय. काढला. संध्याकाळी मॅडमनी भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या, २००५ ची आणि आताची. मला काही कळलं नसतं, पण त्यांनी पेनानं दाखवलं. कानाच्या आतल्या अंगाला आठवणीचा जो भाग असतो तो आक्रसला आहे. डोक्याच्या मागचा भाग, डोळ्यांनी पाहिलेली वस्तू काय आहे हे ज्याच्यानं कळतं, तिथल्या घड्यांमधल्या फटी रुंदावल्या आहेत, जशा जमीन सुकली की भेगा रुंदावतात. सगळ्या पार्किन्सन्सवाल्यांचं असं होत नाही, म्हणाल्या, पण काहींची बुद्धीही हळूहळू जाते, आणि बहुतेक वेळा आधी नजरेची ओळख जाते.

मी म्हटलं, "मॅडम, पण तेव्हा फोटो नॉर्मल होता."

त्या म्हणाल्या, "बाई, या आजारात सुरुवातीला साध्या फोटोत काही दिसतच नाही. फोटो नॉर्मल म्हणजे मेंदू ठीक, असं नसतं. म्हणून तर मी घरच्यांना विचारते. तुम्हालाही विचारलं होतं." त्यांनी जुना कागद काढला आणि वाचून दाखवला. स्मृती शाबूत, त्याच्यापुढं आणखी एक ओळ होती. ती मी तुला पहिल्या पत्रात उतरवून दिली नव्हती. "पत्नीच्या सांगण्यानुसार, पत्नीनेच बहुतेक उत्तरे दिली."

आता ऐक. २००५ च्या जानेवारीत मॅडमनी मला विचारलं होतं, रस्ता चुकतात का? नसलेलं काही दिसतं का? नेहमीच्या कामात गोंधळ होतो का? मी तिन्हीला नाही म्हटलं. तिन्हीचं उत्तर हो होतं. वर्षभरापासून हो होतं. केंद्रावरून घरी येताना दोनदा ते मशिदीकडच्या गल्लीत शिरले होते. परातीतल्या ज्वारीच्या पिठाला त्यांनी एकदा रुई म्हटलं होतं. मी रोज सकाळी अंगणात तीन ढिगल्या घालायचे, चांगला कापूस, मधला, फरदड, आणि त्यांच्याकडून म्हणून घ्यायचे, जसं अंगणवाडीत लेकरांकडून रंग म्हणून घेते. दिवाळीपर्यंत जमत होतं. डिसेंबरमध्ये जमेनासं झालं. तेरा तारखेला सकाळी त्यांनी तिन्ही ढिगल्या चुकवल्या आणि मी त्यांच्या हातात डबा देऊन त्यांना कामावर पाठवलं.

काहून? तू हेच विचारशील. मला वाटलं, डोकं गेलं असं एकदा कागदावर आलं की ती खुर्ची गेली. आणि लोक म्हणतील, यांना बसवलं होतं, जमलं नाही यांना. त्या एका वाक्याची मला इतकी भीती होती. हे चोरीवर जाईल असं डोक्यात आलं नाही. आणि गेलं तेव्हाही मी बोलू शकले असते, राजदीप. चौकशीचा साहेब माझ्यासमोर बसला होता, त्यालाही मी ठणठणीत आहेत असंच सांगितलं. पण तेव्हा माझं आधीचं खोटं उघडं पडलं असतं. मनात म्हटलं, चोर म्हटलं तर लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. वेडा म्हटलं तर रोज दगड मारतील. माझ्या नवऱ्यासाठी ही निवड मी केली, त्यांना न विचारता. आणि तुला त्याच रात्री सांगितलं, "बाबा ठणठणीत आहेत, जबानीत तेच सांग." ओसरीत तू जे बोललास ते शब्द तुझे होते, पण तुझ्या तोंडात मी घातले होते.

अजून एक आहे. मॅडमनी गोळ्यांचा डबा बघितला आणि थरथरीच्या गोळीवर बोट ठेवलं. ज्यांची बुद्धी कमी होत असते त्यांना ही गोळी देत नाहीत, म्हणाल्या. विसर वाढतो, नसलेलं दिसायला लागतं. "स्मृती ठीक आहे असं तुम्ही सांगितलं म्हणून मी लिहिली. आणि ही दुप्पट कोणी केली?"

देवसिंग दाराशी उभा होता. त्याच्यासमोर मी सांगितलं, मी केली.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हळूहळू बंद करू. लेकरं दिसायची कमी होतील. गेलेलं परत येणार नाही."

आई


मारेगाव
१७ एप्रिल २००७

राजदीप,

तुझं उत्तर नाही, ते बरोबर आहे. पण पुढं काय झालं ते तुला कळायला पाहिजे.

मॅडमनी नवा दाखला दिला, दोन्ही फिल्मचं वर्णन करून. त्यात लिहिलं की डिसेंबर २००४ मध्ये रुग्णाची बुद्धी बाधित असण्याची दाट शक्यता आहे. तो आणि माझं हातानं लिहिलेलं कबुलीपत्र घेऊन मी यवतमाळला ऑफिसात गेले. साहेबानं दोन्ही वाचलं. चांगला माणूस होता, पाणी मागवलं. म्हणाला, "बाई, प्रकरण बंद झालं. अपिलाची मुदतही गेली. आणि तुम्हीच लिहून देता की तेव्हा खोटं सांगितलं. आता खरं सांगता हे मी कशावरून धरू?" कागद मी तिथंच ठेवून आले.

मग हिरासिंगच्या तांड्यावर गेले. तुला आठवत असेल, चौदा तारखेला ज्याची गाडी परत पाठवली तो. बायकोनं, पंचफुलानं, एकेक बोंड बघून वेचलेला कापूस होता तो. तीन दिवस रांगेत उभे राहिले, परत पाठवलं, आणि उतारावर बैल बिथरून गाडी उलटली. हिरासिंगचा पाय चाकाखाली गेला. गुडघ्याखाली आता नाही.

मी बाजेसमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पंचफुला तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुले मालूम होतं. आदल्या सकाळीच मालूम होतं."

"हो."

"आन् तू डबा देल्ला."

"हो."

ती उठून घरात गेली, परत बाहेर आली नाही. हिरासिंग बाजेवर उठून बसला. मग म्हणाला, "बाई, मी तवा चौकशीत एक गोष्ट सांगतली होती. साहेबानं थे लेहलं, पण उलटं लेहलं. तुह्या नवऱ्यानं माह्या गाडीतून कापूस हातात घेतला. लय वेळ पाह्यत राह्यला. मंग माह्याजवळ आला आन् हळूच, कोणाले आयकू जाऊ नये असं, मले इचारलं, 'दादा, हे काय हाय?' मले वाटलं माही मजाक करून राह्यला. मले लय राग आला. मी म्हटलं, तुह्या बापाचं कफन हाय. मंग त्यानं चिठ्ठीवर रेघ मारली."

चौकशीच्या कागदात ते असं आहे, "ग्रेडरने शेतकऱ्याची थट्टा केली."

हिरासिंग म्हणाला, "थो घाबरला होता. आता समजते. आपलं लेकरू जत्रंत हरवलं का असं पाह्यते."

राजदीप, त्या दिवशी त्या फाटकात दोनशे गाड्या होत्या, आणि तुझ्या बाबांनी ज्याला विचारलं तो त्यांच्यासाठी अनोळखी होता. मला विचारलं नसतं. घरी त्यांचं चुकलं की मी तोंड पाडायचे.

पंचफुलाचा राग जाणार नाही. जाऊ नये. मी पाणीही मागितलं नाही.

आई


मारेगाव
३ मार्च २००८

राजदीप,

बाबांना नेऊन तुला महिना झाला. त्या दिवशी तू दारात उभा राहिलास तेव्हा मी तुला ओळखलंच नाही आधी. पोट सुटलं आहे तुझं, चष्मा लागला आहे. त्यांनी ओळखलं. "राजा, परीक्षा झाली का?" म्हणाले. तू त्यांच्या पायाशी बसून "झाली, बाबा" म्हणालास आणि डोकं त्यांच्या गुडघ्यावर ठेवलंस. मी चुलीपाशी उभी होते. कोणीतरी रडत होतं, उर्वशी असेल.

माझ्याशी तू एकच बोललास, "त्याइच्या गोळ्या कोणत्या?" मी डबा दिला. गाडीत एक जागा रिकामी होती ते मी पाहिलं. उर्वशीनंही पाहिलं, ती तुझ्याकडे बघत होती. तू दार ओढून घेतलंस. माझी तक्रार नाही. मी असते तर मीही ओढलं असतं.

आता कामाचं. त्या दिवशी घाईत सांगायचं राहिलं.

सकाळची गोळी जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर लागू पडत नाही. पाणी एकदम देऊ नका, ठसका लागतो. चमच्यानं द्या आणि मान पुढं वाकवून. बसलेले उठवताना हात ओढायचा नाही, "एक, दोन, तीन" म्हणायचं, तिनावर स्वतः उठतात. उंबऱ्यापाशी पाय चिकटतो, तिथं फरशीवर खडूनं आडवी रेघ मारून ठेव, रेघ दिसली की पाऊल उचलतात. आंघोळीला रागावतात, त्यांना वाटतं कोणी परकं कपडे काढतं आहे. आधी तुझं नाव सांग, मग बटणाला हात लाव. आरशावर कापड टाका. लेकरं क्वचित दिसतात. दिसली तर नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका, हात धरून दुसऱ्या खोलीत न्या. कापूस हातात देऊ नका. देवसिंगनं एकदा प्रेमानं बोंड आणून दिलं होतं, दिवसभर मुठीत धरून बसले आणि जेवले नाहीत.

काल तुझा फोन आला. तीन वर्षांत पहिला. देवसिंगच्या घरी धावत गेले, चप्पल राहिली. तू म्हणालास, "बाबा रोज सांजच्याला विचारते, मथुरा कुठं गेली. उर्वशी सांगते बाजारात गेली. मंग थे दाराकडं पाह्यत बसते. काय सांगू?" समोर देवसिंगची बायको उभी होती. विचार करून कळवते म्हटलं आणि फोन ठेवला.

विचार केला. उर्वशीला म्हणावं, बाजाराचं सांगू नको. तिचं मन चांगलं आहे, मला कळतं. पण बाजारात गेलेलं माणूस परत यायचं असतं, म्हणून ते दाराकडं बघतात. त्यांच्याबाबतीत एक सोयीचं वाक्य मी तीन माणसांना सांगितलं, डॉक्टरला, साहेबाला, तुला, आणि त्याचं काय झालं ते आपण बघितलं. तेव्हा तू त्यांच्यासमोर बस. डोळ्यांत बघून सांग, "मथुरा मारेगावला आहे. तिनं तुमच्या आजाराबद्दल खोटं सांगितलं, त्यात तुमचं नाव गेलं, म्हणून मी तिला आणलं नाही."

रागावतील. रागावू दे. मला शिव्या देतील, त्यांना आता शिव्या येतात. रडतीलही कदाचित. मग दहा मिनिटांत सगळं विसरतील आणि तुला पुन्हा विचारतील, मथुरा कुठं गेली.

पुन्हा हेच सांग. दर वेळी पूर्ण सांग, मधलं काही गाळू नको.

मथुरा